घरावरची चांदी

टार्पन स्प्रिंग्ज, ३ मार्च १९९२

चेक ब्लाउजच्या आत सरकवला, वरून शाल घेतली आणि आमच्या जुन्या बँकेसमोरून मान वळवून चालत गेले, ताई. आत टेबलामागे तो टक्कल पडलेला माणूस बसलेला होता. पंतेलीसच्या मयताला तो आला होता, फुलं घेऊन. बोटीच्या कर्जाची नोटीस नंतर त्यानेच पाठवली. त्याने वर पाहिलं नाही. मी पुढच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या बँकेत शिरले, तिथे नवं खातं उघडलं आणि चेक त्यात भरला. मग बाहेर बाकावर बसून पावतीवरचा आकडा दोनदा वाचला.

घर विकून ही चोरासारखी का पळते, असं तुला वाटेल. बोटीच्या कर्जावर नवऱ्याबरोबर माझीही सही आहे. बोट गेली, पंतेलीस गेला, सही राहिली. कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिलेला आहे. पण इथला कायदा असा, की माणूस राहतो त्या घराला असल्या कर्जापायी हात लावता येत नाही. म्हणून बँक इतकी वर्षं गप्प होती. आता मला जिना चढवत नाही आणि छप्पर दुरुस्त करणं माझ्या ऐपतीबाहेरचं. घर विकलं. आणि विकल्या क्षणापासून त्या भिंती म्हणजे नुसता कागद आहे, कुणीही उचलावा असा.

वकील स्केवोस म्हणतो, घाबरू नका. हा स्केवोस म्हणजे आपल्या बंदरावरच्या दोरखंडवाल्याचा नातू. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्या पैशाचं दुसरं घर घ्यायचा माझा खरोखर इरादा असेल, स्वतः राहायला, आणि मी उगाच वेळ न काढता ते घेतलं, तर कायदा त्या पैशालाही घरच मानतो. अट एक. ते पैसे वेगळे ठेवायचे. त्यात दुसरा पैसा पडता कामा नये.

“कुणाचाही?” मी विचारलं.

“देवाचाही,” तो म्हणाला.

सध्या लेकीकडे, नोमिकीकडे आहे, तिच्या शिवणाच्या खोलीत. खाडीजवळ एक बैठं घर पाहिलंय. दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड. मालकीण वृद्धाश्रमात गेली आहे. घर मला मिळेल असं वाटतं.

सेवास्ती


कॅलिम्नोस, २१ मार्च

सेवास्ती,

पाकिटाची कड उचकटलेली होती, आणि मी उघडायच्या आधीच पोस्टमन म्हणाला, “बहिणीने घर विकलं वाटतं तुमच्या?” तेव्हा पुढच्या वेळी जरा जास्त डिंक लाव.

घर विकतं का कुणी? घर लेकीला द्यायचं आणि आपण मागच्या खोलीत जायचं. आईने मला दिलं, मी माझ्या लेकीला दिलं, आता भट्टीमागच्या खोलीत राहते. अजून मेले नाही. तू वेळेवर नोमिकीला दिलं असतंस तर बँकवाल्याला कशाला भ्यायचं होतं? निदान आता तरी नव्या घराच्या कागदावर तिचं नाव घाल. पहिली लेक आहे. आईचं नाव आहे तिला.

तू म्हणशील, तुला बोलायला काय, तू पहिली. हो, मी पहिली. घर मला मिळालं आणि तुला जहाजाचं तिकीट. ती रीत मी केलेली नाही.

तुमचा कायदा मात्र मला पटला. नवऱ्याची बोट बुडाली तरी बायकोचं घर बुडू नये, हे आपल्या आज्यांना कोर्टाशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर आपल्या बेटावर घर बाईचं असतं. स्पंज काढायला गेलेला पुरुष परत येईलच याचा कुणी भरवसा धरत नसे.

माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. यंदा मधमाश्यासुद्धा रुसल्यात. पण घर घेण्याआधी कळव. उघड्या-बोडक्या घरात बाईने पाऊल टाकू नये.

थेमेलीना


टार्पन स्प्रिंग्ज, ११ एप्रिल

ताई,

घर मिळालेलं नाही. मालकिणीचा एक पुतण्या ओहायोत आहे, त्याची सही लागते. तो पत्राला उत्तर देत नाही, फोन उचलत नाही. दलाल म्हणतो, देईल. कधी? देईल.

इकडे बँकेला कळलं. गावात घर विकलेलं लपत नाही. त्यांच्या वकिलाचं पत्र आलं: बाई लेकीकडे राहायला गेल्या आहेत, त्यांचा घर घ्यायचा इरादा दिसत नाही. मी शिवणयंत्राला पाय लावून झोपते, आणि हा माणूस म्हणतो माझा इरादा नाही! स्केवोसने मला आणखी घरं बघत राहायला सांगितलंय, म्हणजे इरादा दिसेल. मला हवं ते घर ठरलेलं आहे. तरी मी रोज दलालाबरोबर फिरते आणि नको असलेल्या स्वयंपाकघरांची कपाटं उघडून बघते.

नावाचं तुझं जमणार नाही. नोमिकीच्या नावावर घेतलं तर ते माझं राहतं घर होत नाही. मग हे पैसे नुसते पैसे, आणि बँक मोकळी. मी स्केवोसला आपली रीत सांगितली. त्याने टेबलावर बोट आपटलं. “कागदावर तुमचं नाव. एकटं. हवं तर मी तुमच्या आईशी बोलतो.”

“ती वारली.”

“मग बहिणीशी बोलतो.”

“त्यापेक्षा आईशी बोलणं सोपं.”

नोमिकीला हे सांगितल्यापासून ती ताटल्या जोरात ठेवते. काल म्हणाली, “आई, तुझं घर होईपर्यंत माझ्या पोरीचा लग्नाचा झगा काही शिवून व्हायचा नाही.” पोरगी नऊ वर्षांची आहे.

त्या खात्यातून मी पोस्टाचं तिकीटसुद्धा घेत नाही. पेन्शन दुसरीकडे येते. स्केवोसची फी पेन्शनीतून जाते. त्या पैशाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

सेवास्ती


कॅलिम्नोस, २९ एप्रिल

सेवास्ती,

ख्रिस्त उठला. ईस्टरच्या रात्री पोरांनी दोन्ही डोंगरांवरून सुरुंग उडवले, नेहमीपेक्षा जास्त. माझ्या खोलीचं प्लास्टर कोकराच्या हंडीत पडलं. लेक म्हणाली, आई खाऊ नकोस. मी खाल्लं.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं नाव. एकटं. बरं.

कानांना अजून दडे बसलेले आहेत, म्हणून नोमिकीशी फोनवर ओरडून बोलावं लागलं. गुणी पोर आहे. एक गोष्ट विचारली, तिने लगेच सांगितली. काय ते तुला कळेल. कळल्यावर आभार मानू नकोस, मानत नसतात.

थेमेलीना


टार्पन स्प्रिंग्ज, १९ मे

तू हे काय केलंस?

ओहायोच्या पुतण्याची सही आली. सोमवारी खरेदी करायची ठरली. शुक्रवारी मी बँकेत गेले, म्हटलं चेक तयार करा. खिडकीतली मुलगी आत गेली ती मॅनेजरला घेऊनच आली. खातं गोठवलंय. जुन्या बँकेने कोर्टाचा हुकूम आणला होता. तो आज ना उद्या येणारच होता, स्केवोसने त्याची तयारी ठेवली होती. एका पानाचं उत्तर द्यायचं: हे घराचे पैसे, बाकी यात काही नाही.

बाकी काही नाही! स्केवोसने खात्याचा उतारा मागवला, वाचला आणि चष्मा काढला.

“मावशी, ग्रीसहून हे काय आलंय?”

मला वाटलं बँकेची चूक आहे. मी त्याच्याशी भांडले. मग त्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं. नाव तुझं.

“मी सांगितलं होतं ना, देवाचाही नाही?”

“देवाने पाठवलेले नाहीत. माझ्या बहिणीने पाठवलेत.”

“म्हणजे आणखी वाईट,” तो म्हणाला.

आता बँकेचा वकील म्हणतो, खात्यात दुसरे पैसे मिसळले. दुधात पाणी पडलं, आता दूध कुठलं आणि पाणी कुठलं? सगळंच साधं खातं, सगळंच आमचं. आणि कोर्टात उभं राहायची तारीख जुलैत. पुतण्या म्हणतो, तोवर थांबतो, पुढे नाही. हे घर गेलं तर दुसरं शोधायला पैसे नसतील. मग उरेल ती शिवणाची खोली, मरेपर्यंत.

मी तुला लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं. तू पत्रं वाचतेस की फक्त पाकिटाचा डिंक बघतेस?

सेवास्ती


कॅलिम्नोस, ३ जून

सेवास्ती,

ओरडू नकोस. मी पैसे पाठवलेले नाहीत. मी चांदी घातली.

बाळ जन्मलं की त्याच्या उशाखाली नाणं सरकवतात. घर झालं की खिडकीत ठेवतात. ते कुणी सांगून देत नाही, कुणी मोजत नाही, त्यातून कुणी भाजी आणत नाही. ते पैसे कसे? मी तिथे असते तर तुझ्या खिडकीत ठेवलं असतं. समुद्र मध्ये आहे, म्हणून बँकेतून पाठवावं लागलं. खात्याचा नंबर नोमिकीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, तिला वाटलं मावशीला कागदपत्रांसाठी हवाय.

दुसरा पैसा नको, हे मी वाचलं होतं. मला वाटलं, पेन्शन नको, मासळीचे पैसे नकोत, जावयाचे नकोत. घरावरची चांदी घराबाहेरची कशी होईल? तुमच्या वकिलाचा आजा जिवंत असता तर त्याला हे सांगावं लागलं नसतं.

आळीतल्या बायकांनी मिळून दिलंय. शेजारच्या पोपाबाईने दिलं, चर्चजवळच्या सोफिलियाने दिलं, सगळ्यांनी. हवं तर पाद्रीबाबांकडून लिहून आणते.

थेमेलीना


टार्पन स्प्रिंग्ज, १७ जून

ताई,

पाद्रीबाबांना सोड. पोपाबाईने उभ्या जन्मात कुणाला कांदा दिला नाही. ही रक्कम आळीतल्या बायकांची नाही. इथे त्यात मोटार येते. काय विकलंस?

मला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण न्यायाधीशाला कळलं पाहिजे. स्केवोस म्हणतो, चार बायकांनी थोडे थोडे दिले असं सांगितलं तर सगळंच धूसर होतं आणि बँकेला तेच हवंय. एकाच ठिकाणाहून, एकदाच आले, हे पक्कं दिसलं तर तेवढे बाजूला काढता येतील. बाकीचं घर वाचेल.

त्याने टाइप करून दिलेला मजकूर सोबत आहे, खाली ग्रीकमध्येही. त्यात लिहिलंय की ते पैसे तुझे आहेत, अजूनही तुझेच आहेत, माझ्याकडे चुकून आले, आणि तुला परत हवेत. नोटरीसमोर सही कर. तसं केलं तर बँक त्यांना हात लावू शकणार नाही, कारण कर्ज माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. घर मला, पैसे तुला. सगळे सुटतात.

काही बदलू नकोस. एवढं एकदा माझं ऐक.

सेवास्ती


कॅलिम्नोस, १ जुलै

सेवास्ती,

सही केली. थोडं बदललं.

आईची माळ विकली. सोन्याच्या नाण्यांची, लिरांची, लग्नात घालायची ती. ती घराबरोबर येते, पहिल्या लेकीला, तुला ठाऊकच आहे. माझ्या लेकीने कधी गळ्यात घातली नाही, म्हणते मान दुखते. तिला विचारलं, ती म्हणाली, आई, तुझं तू बघ. सोनाराची पावती जोडली आहे.

तुझ्या आधीच्या घरावर मी चांदी घातली नव्हती. ते पंतेलीसने घेतलेलं, त्याचं नाव आधी. चांगला माणूस होता, पण ते त्याचं घर. या वेळी तू लिहिलंस, कागदावर तुझं नाव, एकटं. म्हटलं, हे बाईचं घर. घराचे दोन तुकडे करता येत नाहीत. माळेचा दोरा तोडता येतो.

आता तुमच्या वकिलाचं. त्याने लिहिलंय की पैसे चुकून गेले. चुकून गेले नाहीत. मी चांगली चप्पल घालून बँकेच्या रांगेत उभी होते. त्याने लिहिलंय की अजून माझे आहेत आणि मला परत हवेत. घरावर घातलेली चांदी परत मागितली की ते घर माणूस खातं. खालच्या आळीतल्या एका सुनेने परत मागून घेतली होती, त्या घरात आज शेळ्या आहेत. मी तुझ्या नव्या घराला असं करीन?

नोटरीनेही समजावलं. “बाई, वकिलाने लिहिलंय तसं करा. त्याला कळतं.”

मी म्हटलं, “तुझ्या आजीच्या घरावर मी पंधरा ड्राक्मा घातले होते. जा, परत माग तिच्याकडे.”

मी त्या दोन ओळी खोडल्या आणि खरं होतं ते लिहिलं. आईची माळ, विकली, सगळी रक्कम एकाच वेळी पाठवली, बहिणीला दिली, तिची आहे. न्यायाधीश माणूसच असेल. त्यालाही आई असेल.

थेमेलीना


टार्पन स्प्रिंग्ज, २२ जुलै

ताई,

तुझा कागद मंगळवारी आला, सुनावणी गुरुवारी होती. स्केवोसने तो वाचला आणि खुर्ची मागे ढकलून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “दुसरा कागद आणायला वेळ नाही. आणि आणला असता तरी तिने सही केली नसती.” मी म्हटलं, नसती केली.

न्यायाधीश बाई निघाली. तुझ्यामाझ्यापेक्षा तरुण, केस आखूड. बँकेचा वकील तेच दूध-पाणी घेऊन बसला. स्केवोसने सोनाराची पावती पुढे ठेवली, तुझा कागद ठेवला, उतारा ठेवला. एकदाच आले, एकाच ठिकाणाहून आले, बाकी सगळं घराचं. ओहायोच्या सहीचा करारही ठेवला. तिने सगळं सावकाश वाचलं. मग मला उभं केलं.

“हे घर कुणासाठी घेताय?”

“माझ्यासाठी.”

“तिथे कोण राहणार?”

“मी.”

“आणि बहिणीने पाठवलेले पैसे? ते तिला परत करायचे आहेत का?”

ताई, स्केवोस माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं असतं तर तुझा कागद खोटा पडला असता आणि कागद खोटा पडला तर घर गेलं असतं. मी म्हटलं, “आमच्याकडे ते परत करत नाहीत.”

“म्हणजे तुमचे आहेत.”

“घराचे आहेत.”

“ते घर विकून आलेत का?”

“नाही.”

तिने लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तुला वाटलं होतं त्यालाही आई असेल. असेल तिला. तिने विचारलं ते सगळं बरोबर विचारलं, हेच मला सहन होत नाही. कुणाला शिवी द्यायची ते मला कळत नाही.

निकाल आज आला. घराचे पैसे मोकळे. कायदा त्यांना घर मानतो. तुझी रक्कम माझी मालमत्ता, घरातून न आलेली, म्हणून बँकेची. टक्कलवाल्याने बाहेर येऊन स्केवोसशी हात मिळवला आणि म्हणाला, बँक वरच्या कोर्टात जाणार नाही. का जाईल? तिला घास मिळाला.

आईची माळ पंतेलीसच्या बोटीत गेली, ताई. आपल्या आज्यांनी ज्या एका गोष्टीपासून घर राखलं, नेमक्या त्याच जागी. त्या वकिलाच्या दोन ओळी तू तशाच ठेवायच्या होत्यास. फक्त दोन ओळी. इथे वाचल्या कुणी असत्या? कुठल्या घराला कळलं असतं?

मी नोमिकीला हे सांगितलं. ताटली हातात होती, तिने ती हळू ठेवली. म्हणाली, “मावशीने खरं लिहिलं नसतं तर आजीच्या माळेचे पैसे वाचले असते का?” मी म्हटलं, “वाचले असते. स्केवोसचा कागद चालला असता.” ती म्हणाली, “चालला असता, पण तू त्या घरात राहिली असतीस का?” मला अजून फार राग आहे.

आता काही पाठवू नकोस. मधसुद्धा नको.

सेवास्ती

२३ जुलै. काल पाकीट बंद करायचं राहिलं, म्हणून खाली लिहिते. आज सकाळी खरेदी झाली. कागदावर माझं नाव आहे, एकटं. दार पावसाने फुगलं होतं, नोमिकीने खांदा लावला. आधी मीठ आत नेलं, मग तेल. खिडकीत काही ठेवलं नाही. नोमिकीने पर्स उघडली होती, मी तिला म्हटलं, राहू दे, या घरावर मावशीने चांदी घातलेली आहे.